गाजराची कोशिंबीर

"गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. एक उपयोग साधला नाही, तर दुसरा हमखास साधतो, अशा वस्तूला ती लावतात. म्हण लहानशी असली, तरी तिच्यात गाजराचा एक गुण बरोबर हेरलेला आहे. चुलीची वाट न पाहता, हाती येताच खाता येणारे हे मूळ आहे. मात्र नुसते मोडून खाल्लेल्या गाजरापासून आपल्या शरीरास जे मिळते, त्याहून अधिक त्याच गाजराच्या कोशिंबिरीपासून मिळते. असे का व्हावे, ते आपण या पाठात पाहू.

आपल्याकडे जेवणाच्या पानात प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते. मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे. भाजी व आमटी उजवीकडे. डावीकडचे पदार्थ थोडे थोडेच वाढतात. पण त्यांच्यावाचून पान भरल्यासारखे दिसत नाही. कोल्हापूरचे जेवण तर तिखटपणाबद्दल सर्वत्र प्रसिद्ध आहे. झणझणीत आमटीने किंवा तांबड्या रश्श्याने जिभेला चटका बसू लागला, की गोडसर, आंबटसर अशा कोशिंबिरीचा घास हवाहवासा वाटतो. ती रोजच्या भाकरीबरोबर चालते आणि सणाच्या पुरणपोळीच्या पानातही शोभते.

गाजर हे मूळचे आपल्या देशाचे नव्हे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अफगाणिस्तान व इराण या भागांत जांभळी व पिवळी गाजरे पिकवीत असत. तेथून ती पूर्वेस भारतात आणि पश्चिमेस युरोपात पोहोचली. आज सर्वत्र दिसणाऱ्या केशरी गाजराचा प्रसार सतराव्या शतकात हॉलंड देशातून झाला. गाजराचे रोप आपले अन्न प्रथम मुळात साठविते आणि पुढे त्या शिदोरीवर फुलते. आपण ती शिदोरीच उपटून आणतो. म्हणून गाजर गोड लागते. थंडी हा त्याचा खरा हंगाम. पौष महिना आला, की कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत गाजरांचे ढीग दिसू लागतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, वांगी, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे यांच्याबरोबर गाजरही भाजीत पडते. गाजरे स्वस्त व ताजी असतात ती याच दिवसांत.

आता कोशिंबिरीची कृती पाहू. चार माणसांस पाव किलो गाजरे पुरतात. ती स्वच्छ धुवावी, वरची साल सुरीने हलकेच खरवडावी आणि जाड किसणीवर किसावी. किसात दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, मूठभर चिरलेली कोथिंबीर आणि लहान चमचाभर साखर घालावी. मग पळीत दोन लहान चमचे तेल तापवून त्यात पाव चमचा मोहरी टाकावी. ती तडतडली, की चिमूटभर हिंग आणि एका हिरव्या मिरचीचे तुकडे घालून ही फोडणी किसावर ओतावी. फोडणी करताना जवळ वडील माणूस असावे. अर्धा लहान चमचा मीठ व अर्ध्या लिंबाचा रस मात्र पाने वाढण्याच्या वेळीच घालावा. मीठ आधी घातले, तर ते किसातील पाणी बाहेर ओढून घेते. मग कोशिंबीर पाणचट होते आणि तिचा कुरकुरीतपणा जातो. जे थोडे पाणी सुटते, ते दाण्याचे कूट शोषून घेते.

फोडणी केवळ खमंग वासासाठी असते, असे पुष्कळांना वाटते. तिचे दुसरे कार्य डोळ्यांना दिसत नाही. १८३१ साली वाकेनरोडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने गाजरातून त्याचा रंग वेगळा काढला आणि गाजराच्या लॅटिन नावावरून त्याला 'कॅरोटीन' हे नाव दिले. स्वित्झर्लंडमधील पॉल कारर या शास्त्रज्ञाने या रंगद्रव्याची रचना उलगडली. अशा संशोधनाबद्दल त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक लाभले. याच कॅरोटीनपासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. पण कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थात विरघळते. शिवाय ते गाजराच्या पेशींत कोंडलेले असते. किसणी त्या पेशी फोडते आणि फोडणीतील व दाण्यांतील तेल कॅरोटीनला शरीरात शिरण्यास वाट करून देते. आपल्या आज्या-पणज्यांना कॅरोटीन हे नाव ठाऊक नव्हते. तरी त्यांच्या हातची रीत शास्त्राला धरूनच होती.

या जीवनसत्त्वाची उणीव किती महाग पडते, हेही जाणून घेतले पाहिजे. त्याचा तुटवडा पडला, की दिवेलागणीच्या अंधुक उजेडात मुलाला नीट दिसत नाही. यालाच रातांधळेपणा म्हणतात. वेळीच उपाय न झाल्यास डोळे कोरडे पडतात, बुबुळावर व्रण होतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. आपल्या देशात अनेक बालकांवर हा प्रसंग ओढवला. म्हणून १९७० साली भारत सरकारने लहान मुलांना ठराविक अंतराने 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा पाजण्याची योजना सुरू केली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अशी वदंता पसरविण्यात आली, की तेथील वैमानिक गाजरे खातात, म्हणून त्यांना रात्रीही शत्रूची विमाने दिसतात. वस्तुतः शत्रूचा माग रडार यंत्रामुळे लागत होता. गाजराने चष्मा सुटत नाही, आणि निरोगी डोळे अधिक तेजस्वीही होत नाहीत. ते उणीव भरून काढते, इतकेच. पण ते 'इतकेच' काही थोडे नव्हे. गाजराचा हंगाम सरल्यावर हेच कार्य मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला या स्वस्त पालेभाज्या करतात.

मुलांनो, कोशिंबीर करावयास फार वेळ लागत नाही आणि खर्चही बेताचा येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकास ती करता आली पाहिजे. येत्या सुटीच्या दिवशी घरातील वडीलमाणसांच्या देखरेखीखाली ती करून पाहा आणि पानात डाव्या बाजूस स्वतःच्या हाताने वाढा.