साळखात्यातील हवा : दोन नियामक आणि एक ओला पारा

थंड देशांतील घरांत हिवाळ्यात उष्णता पुरविण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यात दोन निरनिराळ्या नियामकांना एकाच कामावर नेमलेले असते. घराच्या मधल्या खोलीत भिंतीवर थर्मोस्टॅट असतो. त्याच्या हुकमाने बॉयलर पेटतो वा विझतो. शिवाय प्रत्येक खोलीतील रेडिएटरवर स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. त्याच्या डोक्यात मेण किंवा द्रव भरलेला असून खोली तापली की तो प्रसरण पावतो आणि गरम पाण्याची वाट आवळतो. पहिला नियामक उष्णता निर्माण करावी की नाही हे ठरवितो, दुसरा ती कोणाला किती द्यावी हे ठरवितो. विद्युत् थर्मोस्टॅटचे पेटंट वॉरन जॉन्सन याने अमेरिकेत १८८३ साली घेतले. आपोआप मिटणारा रेडिएटर व्हॉल्व्ह त्यानंतर बऱ्याच काळाने, १९४० नंतरच्या दशकात, डेन्मार्कमध्ये आकारास आला. या दोहोंचे सख्य कसे राखावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे त्याच खोलीच्या रेडिएटरवर आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह बसविला आणि तो थर्मोस्टॅटपेक्षा कमी अंशावर लावला, तर व्हॉल्व्ह आधी मिटतो, खोली अपेक्षित तापमानास कधीच पोहोचत नाही, आणि थर्मोस्टॅट बॉयलरला थांबण्याची आज्ञा देत नाही. म्हणूनच त्या एका खोलीतील रेडिएटर उघडा ठेवावा असा संकेत आहे.

मुंबईत रेडिएटरचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु दोन नियामकांच्या सहकार्याचा, आणि कित्येकदा त्यांच्या भांडणाचा, याहून अधिक गुंतागुंतीचा नमुना परळ, लालबाग आणि लोअर परळ येथील कापड गिरण्यांत अनेक दशके प्रत्यक्ष चालत होता. तेथे प्रश्न खोली उबदार ठेवण्याचा नव्हता. सुताला दमट हवा हवी आणि माणसाला ती नको, असा तो पेच होता.

कापसाचा तंतू हवेतील ओलावा शोषून घेतो. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के इतके पाणी त्यात असते असे व्यापारात धरले जाते. ओलावा वाढला की कापसाचा तंतू अधिक बळकट होतो. रेयॉनचे याच्या नेमके उलट असते. मागावर चढविलेल्या ताण्याला खळ दिलेली असते. हवा कोरडी झाली की ही पिठूळ खळ कडक होऊन तडकते, तिची भुकटी उडते आणि धागा तुटतो. यासाठी साळखात्यात ८० ते ८५ टक्के आर्द्रता इष्ट मानली जाते. त्रासन खात्यात मात्र ५५ ते ६० टक्के पुरते. तेथे त्याहून अधिक ओल झाली तर तंतू रुळांना चिकटून गुंडाळले जातात. समुद्रकाठच्या मुंबईतसुद्धा कृत्रिम आर्द्रीकरणाची गरज का भासावी, याचे उत्तर खात्यातच सापडते. शेकडो मागांच्या मोटारींना दिलेली जवळजवळ सर्व शक्ती अखेरीस उष्णतेच्या रूपाने त्याच दालनात उतरते. हवा तापते, आणि तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता आपोआप खाली येते.

ओलावा वाढविण्याचे जुने साधन म्हणजे हवेत थेट वाफ सोडणे. लँकेशायरमध्ये या प्रथेविरुद्ध विणकरांनी मोठी तक्रार केली, आणि ब्रिटनमध्ये १८८९ च्या कायद्याने विणकाम-दालनांतील आर्द्रतेस प्रथमच मर्यादा घातली गेली. तक्रारीचे शास्त्रीय कारण असे. पाण्याचा तुषार हवेत सोडला तर त्याच्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. कोरड्या तापमापकाचा पारा उतरतो, ओल्या तापमापकाचा पारा जवळजवळ होता तेथेच राहतो. वाफ मात्र आपली सुप्त उष्णता बॉयलरमधूनच घेऊन आलेली असते. ती सोडल्याने कोरडा पारा फारसा हलत नाही, ओला पारा वर चढतो. घामाने भिजलेले मानवी शरीर हे बहुतांशी ओल्या तापमापकासारखे वागते. जे. एस. हॉल्डेन यांनी १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, स्थिर हवेत ओला पारा ३१ अंश सेल्सियसच्या आसपास गेला की विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराचे तापमान वाढू लागते. मागावर उभ्या असलेल्या माणसाची मर्यादा अर्थातच याहून खाली असते.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १५ ने कृत्रिम आर्द्रीकरणाविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. त्यासाठी वापरावयाचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे, पिण्यायोग्य किंवा नीट शुद्ध केलेले असावे असेही त्यात सांगितले आहे. तुषारांतून जे हवेत जाते तेच विणकराच्या फुप्फुसात जाते, हे लक्षात घेतल्यास ही तरतूद किती मोलाची आहे ते कळते. सुती गिरण्यांसाठी केलेल्या नियमांत कोरडे तापमान फॅरनहाइट ८५ अंशांच्या, म्हणजे सुमारे २९.४ सेल्सियसच्या, वर असताना वाफ सोडण्यास मनाई करण्यात आली. महाराष्ट्राच्या कारखाना नियमांत कामाच्या जागी ओल्या पाऱ्याची सर्वसाधारण मर्यादा ३० अंश आहे.

आता मध्यवर्ती यंत्रणेचे काम पाहू. पंखा बाहेरील हवा ओढतो. ती तुषारकक्षातून धुऊन निघते आणि नळांवाटे दालनात पसरते. वैशाखातील एखाद्या दुपारी बाहेर कोरडा पारा ३५ आणि ओला २६ असेल, तर आर्द्रता सुमारे ४९ टक्के भरते. तुषारकक्षातून निघताना ही हवा जवळजवळ २७ अंशांपर्यंत उतरलेली असते. दालनात यंत्रांच्या उष्णतेने ती २९ अंशांवर गेली की आर्द्रता सुमारे ८२ टक्के होते, आणि साळखात्याला नेमकी हीच हवी असते. पण याचा अर्थ असा की हवेला केवळ दोन अंश तापण्याची मुभा आहे. एवढ्या मर्यादेत १०० किलोवॉट उष्णता वाहून न्यावयाची तर ताशी सुमारे दीड लाख घनमीटर हवा लागते. त्रासन खात्यात तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापू दिली तरी आर्द्रता ५८-५९ टक्के राहते. त्यामुळे तेवढ्याच उष्णतेस तेथे साळखात्याच्या एकतृतीयांशाहूनही कमी हवा पुरते. साळखात्याच्या वायुवीजनावर अधिक खर्च का होतो आणि काटकसरीची कात्री प्रथम तेथेच का चालते, या दोन्ही गोष्टींचे मूळ या एका हिशेबात आहे.

या यंत्रणेवर दोन नियामक असतात. थर्मोस्टॅट ताज्या हवेच्या आणि परतणाऱ्या हवेच्या झडपा फिरवितो. हिवाळ्यातील पहाटे बाहेरची थंड हवा कमी घेऊन दालनातीलच गरम हवा तो पुन्हा फिरवतो. मागच तेथे रेडिएटरचे काम करतात. दुसरा नियामक आर्द्रतेचा. जुन्या उपकरणांत तो मानवी केसांचा असे. पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केस सुमारे दोन-अडीच टक्के लांबतो, आणि तेवढ्या हालचालीवर तुषारांचा पंप चालू वा बंद करता येतो. अडचण अशी की दोघांची राशी एकमेकींत गुंतलेली आहे. आर्द्रता कमी पडली म्हणून पंप सुरू झाला की हवा थंड होते. थंडी जाणवताच थर्मोस्टॅट ताजी हवा तोडतो. दालन तापते, सापेक्ष आर्द्रता पुन्हा घसरते आणि पंप पुन्हा सुरू होतो. दोन्ही उपकरणे निर्दोष असूनही यंत्रणा झोके घेऊ लागते. यावर उपाय म्हणून एकाला पुढारी मानून दुसऱ्याची गती मंद ठेवतात आणि दोघांच्याही आज्ञांमध्ये थोडा निष्क्रिय पट्टा राखतात. उपकरण कोठे टांगावे हेही तितकेच महत्त्वाचे. हवेच्या झोताखाली किंवा दाराशेजारी लावलेला नियामक त्या कोपऱ्यापुरते खरे बोलतो आणि उरलेल्या दालनाला फसवतो.

याहून गंभीर दोष निराळाच आहे. केवळ सापेक्ष आर्द्रतेच्या नियामकावर भिस्त ठेवली तर सूत सुरक्षित राहते, माणूस राहत नाही. तापमान २८ आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर ओला पारा २६ च्या आसपास असतो. आर्द्रता तीच ठेवून तापमान ३४ झाले तर तो ३२ च्या जवळ जातो. केसाचा नियामक दोन्ही वेळी समाधानीच. हॉल्डेनची मर्यादा ओलांडली गेल्याची वार्ता त्याच्याकडे पोहोचतच नाही. म्हणून ओला तापमापक खात्यात प्रत्यक्ष टांगणे आणि त्याची नोंद ठेवणे ही कागदी औपचारिकता नव्हे. दोन नियामकांपैकी कोणीही न मोजलेली राशी तोच एकटा मोजतो. पावसाळ्यात तर तुषारांचा उपयोग जवळजवळ संपतो. बाहेरची हवाच ९० टक्के दमट असते, आणि मग भरपूर वायुवीजन हाच एक मार्ग उरतो. पंखे त्या वेळी मंद ठेवणे ही वीज वाचविण्याची सर्वांत वाईट रीत होय.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातील माग क्रमाक्रमाने थांबले, आणि फिनिक्स व कमला यांसारख्या गिरण्यांच्या आवारांत दुकाने व कचेऱ्या आल्या. अशा वातानुकूलित इमारतींत मात्र रेडिएटरचा प्रश्न उलट रूपाने अवतरला आहे. नळांतून गरम पाण्याऐवजी थंड पाणी फिरते, आणि दालनातील थर्मोस्टॅट त्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो वा मिटवतो. पुष्कळ व्हॉल्व्ह एकदम मिटले की पंपाचा दाब उरलेल्या नळांवर चढतो. म्हणून पंपाची गती कमी करावी लागते किंवा पाण्याला आडवाट द्यावी लागते. आषाढात, बाहेर ऊन नसताना, खोली लवकर थंड होते, व्हॉल्व्ह मिटतो, थंड नळी कोमट होते आणि हवेतील बाष्पाचे पाणी होऊन गळणे थांबते. थर्मोस्टॅटचा आकडा बरोबर असतो, आणि कागद ओलसर लागू लागतात.