बदल व्यवस्थापन : कर्मचारी बदलाला विरोध का करतात?

कोणत्याही संस्थेत नवीन पद्धत येणार म्हटलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आतापर्यंत नीट चाललं होतं ना, मग हे कशाला?" वरिष्ठ लगेच निष्कर्ष काढतात, "यांना कामच नको." पण हा निष्कर्ष बरोबर आहे का? एका जुन्या प्रयोगातून ते पाहू.

हारवूड कारखान्यातील प्रयोग

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तिथे कामाची पद्धत वारंवार बदलावी लागे. मजुरी नगावर असल्यामुळे नवीन काम हातात बसेपर्यंत कामगारांचा वेग पडे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे वेगवेगळ्या गटांत बदल वेगवेगळ्या प्रकारे करून पाहिला. त्यांचा अभ्यास 1948 मध्ये प्रसिद्ध झाला.

1. पहिला गट : बैठक घेऊन सांगितलं, "स्पर्धा वाढली आहे, पद्धत बदलली आहे, नगाचा नवा दर हा." प्रश्नांना उत्तरं दिली आणि बैठक संपवली.
2. दुसरा गट : खर्च का कमी करायचा हे पटवून दिलं. मग कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी नवीन पद्धत ठरवण्यात भाग घेतला.
3. उरलेले दोन छोटे गट : यांत प्रत्येक कामगार सहभागी होता. सूचना इतक्या भराभर आल्या की लिहून घेणाऱ्याची तारांबळ उडाली.

निकाल काय लागला?

पहिल्या गटाचं उत्पादन घसरलं ते सावरलंच नाही. पर्यवेक्षकांशी खटके उडाले आणि 40 दिवसांत 17 टक्के कामगार नोकरी सोडून गेले. सर्वांचा सहभाग असलेले गट मात्र लवकर सावरले आणि पूर्वीपेक्षा सुमारे 14 टक्के पुढे गेले.

खरी गंमत पुढेच आहे. पहिल्या गटातले उरलेले 13 जण काही महिन्यांनी पुन्हा एकत्र आणले आणि या वेळी नवीन कामाच्या आखणीत त्यांना सहभागी करून घेतलं. तेच कामगार आता झपाट्याने सावरले! म्हणजे दोष माणसांत नव्हता, बदल करण्याच्या रीतीत होता.

विरोधाची कारणे

आपली मजुरी घटेल का? इतकी वर्षं कमावलेलं कौशल्य वाया जाईल का? नवीन काम जमलं नाही तर चारचौघांत हसं होईल का? आणि आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही! विरोधाच्या मुळाशी बहुधा असेच प्रश्न असतात.

व्यवस्थापकाने काय करावे?

या कारखान्याशी जोडलेले मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1947 मध्ये बदलाचे तीन टप्पे मांडले : जुनी सवय सैल करणे, नवीन पद्धतीकडे नेणे आणि ती पक्की करणे. आपण बहुतेकदा पहिला टप्पा गाळतो. आज परिपत्रक, उद्यापासून अंमल! त्याऐवजी बदलाची गरज दाखवावी, आखणी होण्यापूर्वीच मत विचारावं, शिकायला वेळ द्यावा आणि त्या काळात कमाई बुडणार नाही हे पाहावं.

एक सावधगिरी मात्र हवी. निर्णय आधीच घेऊन नुसता सल्ला मागायचा देखावा केला, तर लोकांच्या ते लगेच लक्षात येतं. मग पुढच्या खऱ्या बैठकीतही कोणी तोंड उघडत नाही.

थोडक्यात, विरोध दिसला की आधी स्वतःला विचारायचं : आपण यांना सांगितलं, की विचारलं?