विश्लेषण : मुलगे पुस्तकांपासून दूर का जातात? शाळेचे ग्रंथालय काय करू शकते?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील बहुतेक शाळांत पुस्तके आहेत. ती वाचणारे मुलगे मात्र वर्गागणिक कमी होत जातात, अशी शिक्षकांची नेहमीची तक्रार असते. खापर मोबाइलवर फोडले जाते. पण कपाटाला लावलेल्या कुलपाचाही यात वाटा आहे. त्यावरचा उपाय खान्देशातच, अमळनेरच्या एका छात्रालयात, जवळपास १०० वर्षांपूर्वी करून पाहिला गेला होता.

मुलगे खरोखरच मागे आहेत?

१४ ते १८ वयोगटातील मुलामुलींची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२३’ या अहवालानुसार, दुसरीच्या पातळीचा उतारा स्वतःच्या प्रादेशिक भाषेत नीट वाचू शकणाऱ्या मुली ७६ टक्के, तर मुलगे ७०.९ टक्के होते. गणितात आणि इंग्रजी वाचनात मात्र मुलगे पुढे होते. म्हणजे प्रश्न बुद्धीचा नाही. हे चित्र केवळ भारतातले नाही. १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये ८१ पैकी ७९ ठिकाणी मुली वाचनात मुलग्यांच्या पुढे होत्या. त्या वर्षी भारत या चाचणीत नव्हता.

यात नुकसान काय?

आठवीपर्यंत सरावाने वाचता आले नाही, तर विज्ञानाचा धडा आणि गणितातले शाब्दिक उदाहरण दोन्ही अवघड होतात. मुलगा ‘अभ्यासात कच्चा’ ठरतो आणि पुढे शाळेतून गळण्याची शक्यता वाढते. शाळेबाहेरही अडते. कीटकनाशकाच्या बाटलीवरची सूचना, पीकविम्याचा अर्ज, कर्जाच्या कागदावरची अट समजून न घेता सही करणे महागात पडते.

मुलगे पुस्तकापासून का तुटतात?

पहिले कारण, पुस्तक म्हणजे परीक्षा असे समीकरण. दुसरे, घरात वाचणारा पुरुष मुलाच्या नजरेला पडत नाही. तिसरे कारण भाषेचे. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी किंवा भिली बोलत वाढलेल्या मुलाला प्रमाण मराठीतले पुस्तक आधी परके वाटते. चौथे कारण शाळेचे. पुस्तक हरवले तर भरपाई कोणाच्या खिशातून, या भीतीने कपाट बंद राहते. दाखल नोंदवही चोख राहते, पण पुस्तक वाचकापर्यंत जात नाही.

अमळनेरमध्ये काय घडले होते?

१९२४ मध्ये पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे त्यांच्याकडे छात्रालयाचीही जबाबदारी आली. तिथे घरापासून दूर राहणारे मुलगे होते. त्यांच्यासाठी गुरुजींनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. हस्तलिखिताची गंमत अशी की, त्यात आपल्याच आवाराची खबरबात असते. ती वाचायला कोणी सक्ती करावी लागत नाही.

१९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर दिलेली प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. त्या पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. सांगणारा मुलगा, ऐकणारेही मुलगेच, आणि पुढचे उद्या.

आजच्या शाळेने यातून काय घ्यावे?

- रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन : शिक्षकाने गोष्ट रंगात आल्यावर थांबावे. ज्याला उद्यापर्यंत दम निघत नाही, तो मुलगा पुस्तक मागायला येतो. हे वाचन मराठीच्या शिक्षकापुरते नको. खेळाच्या किंवा गणिताच्या सरांनी वाचले तर वाचन ‘आपले काम नाही’ हा समज सुटतो.
- निवड मुलाची : ‘फास्टर फेणे’, ‘गोट्या’, ‘बोक्या सातबंडे’ तर हवेतच. पण क्रिकेट, ट्रॅक्टरची दुरुस्ती, साप, किल्ले, विनोद हेही वाचनच आहे. जाड-बारीक, सोपे-अवघड यावरून टोकू नये.
- पुस्तक घरी जाऊ द्यावे : वाटपाचे काम सातवी-आठवीच्या मुलग्यांकडे द्यावे. शेवटच्या बाकावरचा मुलगा ग्रंथपालाचा मदतनीस झाला की निदान पुस्तके हाताळू तरी लागतो.
- बोलीला जागा : आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची कविता घरच्यांनी कागदावर उतरवली आणि १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. मुलांनीही आजोबांकडून अहिराणी किंवा पावरी गोष्ट ऐकून लिहून आणावी. अशा ३० गोष्टींचे हस्तलिखित हे शाळेच्या ग्रंथालयातले नवे पुस्तक ठरेल.
- सारांशाची सक्ती नको : प्रत्येक पुस्तकानंतर ‘बोध काय?’ विचारले की गोष्टीचाही धडा होतो. ‘कुणाला वाचायला देशील?’ एवढे विचारणे पुरेसे आहे.

नियम आणि पैसा यांचे काय?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे. तिथे वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके हवीत. ‘समग्र शिक्षा’ योजनेत सरकारी शाळांना स्तरानुसार ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. खरेदीची यादी करताना मुलांना विचारले जाते का, हा प्रश्न पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत मांडता येईल. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिलेच असे आहे की, पुस्तके वापरासाठी असतात. हाताळून फाटलेले पुस्तक म्हणजे नुकसान नव्हे.

घरी काय करता येईल?

पुस्तके विकत घेणे जमत नसेल, तर हातातला मोबाइल उपयोगी पडतो. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. ‘स्टोरीविव्हर’ या मंचावर मराठी गोष्टीही विनामूल्य मिळतात. वडील किंवा काकांनी जेवणानंतर एक गोष्ट मुलासोबत वाचली, तरी वाचणारा पुरुष घरात दिसू लागतो. वडिलांना वाचता येत नसेल, तर मुलाने वाचावे आणि त्यांनी ऐकावे.

बदल झाला हे कसे ओळखायचे?

१५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी भाषणे आणि छायाचित्रे होतात. त्याच दिवशी शाळेने देव-घेव नोंदवही उघडून एक आकडा काढावा: न सांगता दुसरे पुस्तक मागायला किती मुलगे आले? पुढच्या १५ ऑक्टोबरला तो वाढलेला असेल, तर ग्रंथालय चालू आहे असे समजावे.