वारेतील पेशी व गरोदरपणातील रक्तदाब

लोहारा तालुक्यातील खेड्यांत काय किंवा अन्यत्र काय, गरोदर बाईच्या पायांवर सूज आली म्हणजे जाणत्या बायका 'दिवस भरत आले' असे म्हणून स्वस्थ राहतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु सुजेबरोबर डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली व एखाद्या रात्री दातखीळ बसून झटके सुरू झाले, तर ती बाहेरची बाधा नव्हे. वैद्यकात ह्यास एक्लॅम्पसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दात एकाएकी चमकून उठण्याचा भाव आहे. मात्र वीज चमकण्याआधी आभाळ भरून येते, आणि येथे ते भरते वारेत.

गर्भधारणेनंतर पहिल्या चार-पाच महिन्यांत वारेच्या काही पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात. तेथील रोहिण्या पिळदार व अरुंद असतात. ह्या पेशी त्यांच्या भिंतीतील स्नायू हटवून त्यांची तोंडे रुंद करतात. शेतकरी पाटाचे दार खोदून मोकळे करतो, तसेच हे काम. मग रक्त संथपणे व मुबलक येते. काही स्त्रियांत मात्र पेशींची ही चाल उथळ राहते आणि रोहिण्या अरुंदच राहतात. वारेस प्राणवायू अपुरा पडतो, पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांवर ताण येतो, आणि त्रस्त वार आईच्या रक्तात नको ते पदार्थ सोडू लागते.

त्यांपैकी एक प्रथिन विशेष घातक आहे. मूळचे भारतीय असलेले डॉ. अनंत करुमंची व त्यांचे सहकारी ह्यांनी बॉस्टन येथे 2003 साली दाखविले, की ह्या रोगात वार ते प्रमाणाबाहेर निर्माण करते. उंदरांच्या माद्यांत ते वाढविले असता, गर्भ नसतानाही, त्यांचा रक्तदाब चढला व लघवीत प्रथिन उतरले. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना निरोगी ठेवणारी द्रव्ये हे प्रथिन वाटेतच अडविते. अस्तर बिघडले की वाहिन्या आवळतात, मूत्रपिंडाची गाळणी सुजते, यकृतास व मेंदूस इजा पोहोचते.

द्राक्षगर्भ म्हणून एक विकृती आहे. तिच्या पूर्ण प्रकारात मूल मुळीच नसते, केवळ फुगलेल्या वारेचे घोस असतात. तरीही हाच रक्तदाब उद्भवू शकतो. तेव्हा सुनेने मीठ फार खाल्ले, ग्रहण पाळले नाही, असे बोल तिला लावण्यात काडीचाही अर्थ नाही.

विसाव्या आठवड्यानंतर दाब 140/90 किंवा त्याहून अधिक भरू लागला, की सावध व्हावयास हवे. आरंभी बाईस काहीच जाणवत नाही, हीच ह्या रोगाची लबाडी. त्यासाठी दाब मोजणे व लघवी तपासणे एवढेच लागते. सरकारी रुग्णालयांत 2016 पासून दरमहा 9 तारखेस गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या ह्याच तालुक्यातील सास्तुरास पुढे स्पर्श रुग्णालय उभे राहिले, ही तेथील बायकांची मोठीच सोय झाली.

ज्यांना धोका अधिक, त्यांना डॉक्टर चौथ्या महिन्याच्या सुमारास अल्प मात्रेत ॲस्पिरिन सुरू करितात. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटची सुई देतात. जुन्या लोकांना जुलाबाचे मीठ म्हणून ठाऊक असलेलेच हे द्रव्य. 33 देशांतील दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या व 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. परंतु ही सर्व वेळ मिळविण्याची साधने होत. खरा उतार बाळंतपण होऊन वार पडल्यावरच सुरू होतो, आणि तोही तत्क्षणी नव्हे. काही जणींना पहिला झटका बाळंतपणानंतर, बहुधा दोन दिवसांच्या आत, क्वचित त्याहूनही उशिरा येतो. म्हणून दाब चढलेल्या बाळंतिणीस लगेच घरी नेण्याची घाई करू नये, व घरी आल्यावरही सव्वा महिना तिचा दाब मोजवीत राहावे.