मोटारीचा पंखा

संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्थानकाखालीं (हें 2022 सालीं सुरू झालें) एक स्पोर्ट्स मोटार वाफ सोडीत उभी होती. तिचा तरुण चालक रेडिएटरचें झांकण उघडूं लागला, तोंच आम्ही त्याचा हात धरला. दाबाखालचें पाणी 100 अंशांवरही उकळत नाहीं; झांकण निघतांच मात्र उसळून तोंड भाजतें.

“महामार्गावर तर कांटा खालीं होता!” खरेंच. धांवत्या गाडीस वारा आपोआप मिळतो. थांबल्या गाडीस तो विजेच्या पंख्यानेंच आणावा लागतो. मिस्त्रीनें फ्यूज व रिले तपासले, ते शाबूत. पंख्यास बॅटरीची थेट वीज दिली, तरी तो हलेना. म्हणजे मोटरच जळालेली. गाडी निवल्यावर त्यानें बॅटरीचें ऋण टोक सोडविलें, कारण कित्येक गाड्यांत इंजिन बंद असतांही पंखा अवचित फिरतो. नवा पंखा बसला. रेडिएटरपुढें धरलेला कागद त्यास चिकटला. वारा योग्य दिशेनें वाहत होता.