आभासी केम आणि अडखळणारें चित्र

सोलापुराहून पुण्याकडे जाणारी गाडी कुर्डुवाडी सोडून पुढें गेली कीं कांहीं वेळानें केम स्टेशन येतें. करमाळें तालुक्यांतील हें गांव उत्तरेश्वराच्या मंदिरासाठीं व विशेषतः कुंकवासाठीं महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. हेंच गांव संगणकावरील आभासी जगांत उभें करावयाचें आहे, अशी कल्पना करावी. अमेरिकेंतील लिंडेन लॅब या कंपनीनें २००३ सालीं सुरू केलेलें ‘सेकंड लाइफ’ हें अशा जगांपैकीं एक. तेथील घरें, झाडें व वस्त्रें बहुतांशीं रहिवाशांनींच घडविलेलीं असून प्रत्येक रहिवासी आपल्या ‘अवतारा’च्या रूपानें तेथें हिंडतो. परंतु पुष्कळांच्या घरीं हें जग अडखळत चालतें, आणि मग महागडा नवा संगणक घेण्याचा मुलांचा आग्रह सुरू होतो. तो पुरविण्यापूर्वीं चित्र अडखळतें कां, हें समजून घेणें हिताचें आहे.

चित्रपटांत सेकंदास २४ चित्रें सरकतात; पण तीं आधींच घेऊन ठेवलेलीं असतात. आभासी जगांतील प्रत्येक चित्र संगणकास त्याच क्षणीं नव्यानें काढावें लागतें. सेकंदास ६० चित्रें हवीं असतील, तर एका चित्राच्या वांट्यास सेकंदाचा साठावा भाग येतो. तेवढ्यांत काम आटोपलें नाहीं कीं चित्र अडखळतें. तेव्हां उपाय दोनच: यंत्राचें बळ वाढविणें किंवा काम कमी करणें. दुसऱ्या उपायास पैसे पडत नाहींत.

पहिली बाब दृष्टीच्या पल्ल्याची. २५६ मीटरांऐवजीं १२८ मीटरांपर्यंतचेंच दृश्य काढण्यास सांगितलें, तर अंतर निम्में होतें. पण क्षेत्र चौथाईच उरतें. मंदिराच्या आवारांत उभ्या असलेल्या अवतारास दूरच्या शेतांतील झाडें दिसलींच पाहिजेत असें नाहीं.

दुसरी बाब सांवल्यांची. सांवली कोठें पडेल हें ठरविण्यासाठीं संगणक तेंच दृश्य प्रकाशाच्या बाजूनें पुन्हां रेखाटतो. सांवल्या बंद केल्या कीं हें जादा काम वांचतें.

तिसरी बाब गर्दीची. मंदिरापुढें पन्नास अवतार जमले, तर प्रत्येकाचे केस व दागिने असंख्य बारीक त्रिकोणांचे बनलेले असतात. अशा गुंतागुंतीस मर्यादा घालण्याची सोय ‘सेकंड लाइफ’मध्यें आहे. ती ओलांडणारा अवतार साध्या एकरंगी आकृतीसारखा दिसतो व काम हलकें होतें.

चौथी बाब वस्तु घडविणाराची. कुंकवाच्या डबीवर १०२४ बिंदू लांब व तितकेंच रुंद चित्र चिकटविलें आणि प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरले, तर तें ४ मेगाबाइट जागा अडवितें. मंदिराच्या भिंतीवरील त्याच मापाच्या चित्रासही तेवढीच जागा लागते. डबीस २५६ बिंदूंचें चित्र पुरतें, आणि त्यास सोळावा हिस्साच जागा लागते.

यंत्राकडेही पाहिलें पाहिजे. सोलापूर जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर जातो. पंख्यांत धूळ साचलेली असली कीं तापलेली चिप स्वतःचा वेग आपण होऊन कमी करिते. तेथें नुसती सफाईही उपयोगी पडते. कांहीं लॅपटॉपमध्यें चित्रें काढणाऱ्या दोन चिप असतात. त्यांतील दुबळीच कामास लागली नाहीं ना, हें तपासावें.

मात्र प्रत्येक अडथळा चित्राचा नसतो. जागेवरच उभें राहून दृष्टि सभोंवार फिरवावी. दृश्य धक्के खात फिरलें, तर दोष बहुधा चित्रें काढण्याचा. दृश्य सुरळीत फिरून अवताराचें पाऊल तेवढें उशिरां पडलें, तर दोष बहुधा इंटरनेटच्या जोडणीचा; तेथें नवें ग्राफिक्स कार्ड कांहीं करूं शकणार नाहीं.

सेकंदास किती चित्रें निघतात, हा आंकडा त्या प्रोग्रॅममध्येंच पाहतां येतो. एकाच जागीं उभें राहून एका वेळीं एकच बदल करावा व प्रत्येक वेळीं आंकडा टिपून ठेवावा. कोणत्या बदलानें किती लाभ झाला, हें अशानेंच कळतें. इतकें करूनही चित्र अडखळत राहिलें आणि इंटरनेटची जोडणी निर्दोष ठरली, तर यंत्राचें बळच अपुरें आहे असें समजावें. आणि मग मुलांचा आग्रह घरांतील वडील माणसांनीं अवास्तव मानूं नये.