हँक ॲरन : सातत्याचा विक्रम

बेसबॉल हा अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय खेळ आहे. फलंदाजाने टोलवलेला चेंडू हद्दीच्या आतून थेट समोरच्या कुंपणापलीकडे गेला, की त्या फटक्याला ‘होमरन’ म्हणतात. क्रिकेटमधील षटकाराशी त्याचे साम्य आहे. मात्र तो षटकाराहून कितीतरी दुर्मीळ असतो. हँक ॲरन यांनी तेवीस हंगामांत असे ७५५ फटके मारले.

ॲरन यांचा जन्म १९३४ साली अलाबामा राज्यातील मोबील येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात वर्णभेदाचे कायदे लागू होते. १९५३ साली ते तेथील एका व्यावसायिक संघातून खेळत, तेव्हा गोरे सहकारी ज्या हॉटेलात उतरत, तेथे त्यांना खोली मिळत नसे. १९५४ साली मिलवॉकी ब्रेव्ह्ज या संघातून त्यांनी सर्वोच्च श्रेणीच्या स्पर्धेत पदार्पण केले. पुढे हा संघ अटलांटा शहरात गेला.

एका हंगामात पन्नास होमरन त्यांनी कधीच केले नाहीत. ४७ हा त्यांचा उच्चांक होता. परंतु १९५५ ते १९७४ या सलग वीस हंगामांत त्यांचे होमरन विसाच्या खाली कधी आले नाहीत. त्यांच्या यशाचे मर्म या सातत्यात आहे.

बेब रूथ या गोऱ्या खेळाडूचा ७१४ होमरनचा विक्रम सुमारे चार दशके अबाधित होता. १९७३ च्या हंगामाअखेर ॲरन ७१३ वर पोहोचले. एका कृष्णवर्णीयाने हा विक्रम मोडावा, हे अनेकांना सहन होईना. अभिनंदनाच्या पत्रांबरोबर शिवीगाळीची व ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे येऊ लागली. त्यांना अंगरक्षक घेऊन वावरावे लागले. तरीही त्यांनी खेळ थांबवला नाही. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटा येथे पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांनी ७१५ वा होमरन मारला. त्या क्षणी मैदानात आलेल्या आईने त्यांना घट्ट कवटाळले.

१९७६ साली ते निवृत्त झाले. त्यानंतर ब्रेव्ह्ज संघाच्या व्यवस्थापनात राहून त्यांनी नवे खेळाडू घडवण्याचे काम केले. २००७ साली बॅरी बाँड्स यांनी त्यांचा होमरनचा विक्रम मोडला. २०२१ साली ॲरन यांचे निधन झाले. द्वेषाने भरलेली ती पत्रे त्यांनी फाडून टाकली नव्हती. आपण काय सोसून येथवर आलो, याची खूण म्हणून ती जपून ठेवली होती.